मोठ्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात काय चालले आहे, हे नवख्याने कसे शोधावे

नव्या शहरात आल्यावर बहुतेक जण ग्रंथालयाचे कार्ड काढतात, दोन-चार पुस्तके घरी आणतात आणि तिथेच थांबतात. त्याच इमारतीत आठवडाभर भाषासरावाची मंडळे, लहान मुलांसाठी गोष्टींचे तास, लेखकांच्या भेटी, संगणकाचे वर्ग, नोकरीच्या अर्जासाठी मदत आणि परिसराच्या प्रश्नांवरच्या बैठका चालू असतात, याचा पत्ता त्यांना फार उशिरा लागतो. यात दोष वाचकाचा क्वचितच असतो. मोठ्या ग्रंथालयाच्या बातम्या एका जागी मिळत नाहीत. काही संकेतस्थळावर असतात, काही ईमेलने येतात, काही केवळ शाखेच्या दाराशी चिकटवलेल्या कागदावर असतात आणि काही तर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला विचारल्याशिवाय कळतच नाहीत. या सगळ्यातून मी गेलो आहे आणि जो क्रम मला उपयोगी वाटला, तोच पुढे मांडला आहे.

सुरुवातीलाच एक संकोच दूर करायला हवा. अनेक नवागतांना वाटते की हे कार्यक्रम जुन्या, स्थानिक सभासदांसाठी असतात आणि आपण तिथे आगंतुक ठरू. सार्वजनिक ग्रंथालयांविषयी युनेस्कोने १९४९ साली प्रथम जाहीरनामा काढला आणि त्यानंतर १९७२, १९९४ व २०२२ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. ग्रंथालयाची सेवा वय, वंश, लिंग, धर्म, राष्ट्रीयत्व, भाषा किंवा सामाजिक दर्जा न पाहता सर्वांना समान मिळावी, हे तत्त्व त्यात स्पष्टपणे मांडलेले आहे. कालच शहरात आलेला आणि तिथली भाषा अडखळत बोलणारा माणूसही त्या ‘सर्वां’मध्ये येतो.

१. आपले ग्रंथालय नेमके कोणते, हे आधी ठरवा

मोठ्या शहरात ‘ग्रंथालय’ म्हणजे एक इमारत नसते, शाखांचे जाळे असते. टोरंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या शंभर शाखा आहेत. न्यूयॉर्कमध्ये तर एकाच शहरात तीन स्वतंत्र ग्रंथालय-व्यवस्था आहेत: मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड यांची एक, ब्रुकलिनची दुसरी आणि क्वीन्सची तिसरी. तिघींची संकेतस्थळे वेगळी आणि कार्यक्रमांच्या दिनदर्शिकाही वेगळ्या. लंडनमध्ये सार्वजनिक ग्रंथालये प्रत्येक बरोची, म्हणजे शहराच्या प्रशासकीय विभागाची, स्थानिक परिषद आपापल्या पातळीवर चालवते. त्यामुळे शहराचे नाव टाकून शोध घेतला आणि पहिले जे संकेतस्थळ उघडले ते आपले मानले, तर रस्त्यापलीकडच्या, पण दुसऱ्याच व्यवस्थेच्या कार्यक्रमांची यादी आपण आठवडेच्या आठवडे चाळत बसू शकतो.

दुसरी गफलत प्रसिद्ध इमारतीमुळे होते. शहरातील सर्वांत देखणी ग्रंथालय-इमारत ही पुस्तके घरी देणारी शाखा असेलच, असे नाही. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरील, दाराशी दोन संगमरवरी सिंह असलेली आणि १९११ साली उघडलेली वास्तू हे संशोधन-ग्रंथालय आहे. तिथली पुस्तके तिथेच बसून वाचावी लागतात आणि घरी न्यायची असतील तर जवळच रस्त्यापलीकडे असलेल्या शाखेत जावे लागते. राष्ट्रीय ग्रंथालये हा आणखी वेगळा प्रकार. लंडनमधील ब्रिटिश लायब्ररी सर्वसामान्य वाचकाला घरी पुस्तके देत नाही. तिथे प्रदर्शने आणि व्याख्याने जरूर होतात, पण आपल्या मुलासाठी शनिवारचा गोष्टींचा तास शोधण्याची ती जागा नव्हे.

म्हणून पहिले काम एवढेच करावे: आपला पत्ता कोणत्या व्यवस्थेत येतो ते पाहावे, त्या व्यवस्थेची घराजवळची शाखा आणि कामाच्या जागेजवळची शाखा अशा दोन शाखा निवडाव्यात, आणि त्यांचे दूरध्वनी क्रमांक व उघडण्याच्या वेळा फोनमध्ये नोंदवून ठेवाव्यात. शाखाशाखांच्या वेळा वेगळ्या असतात. एक शाखा रविवारी उघडी असेल, तर दुसरी सोमवारी सकाळी बंद असेल.

२. सभासदत्व घ्या, पण त्यासाठी कार्यक्रम अडवून ठेवू नका

ग्रंथालयाच्या बहुतेक सार्वजनिक कार्यक्रमांना सभासद नसलेली व्यक्तीही जाऊ शकते. कागदपत्रे जुळेपर्यंत थांबायचे ठरवले, तर त्या काळातले सगळे कार्यक्रम हातचे जातात. तरीही कार्ड असलेले बरे, कारण संगणक वापरणे, अभ्यासकक्ष राखून ठेवणे आणि काही कार्यशाळांत नाव नोंदवणे यासाठी कार्डाचा क्रमांक लागतो. साधारणपणे पुढील गोष्टी मागितल्या जातात:

• छायाचित्र असलेले ओळखपत्र. पारपत्र बहुतेक ठिकाणी चालते.
• सध्याच्या पत्त्याचा पुरावा: भाडेकरार, वीज किंवा दूरध्वनीचे देयक, बँकेचे पत्र, शिक्षणसंस्थेचे किंवा नोकरीच्या ठिकाणचे पत्र.
• चालू ईमेल आणि दूरध्वनी क्रमांक. नोंदणीची खात्री आणि बदलाच्या सूचना यांवरच येतात.
• लहान मुलासाठी पालकाची सही आणि पालकाचे ओळखपत्र.
• चार किंवा अधिक आकडी गुप्त क्रमांक, जो आपल्याला आठवणीत ठेवायचा असतो.

पत्त्याचा पुरावा ही नवागताची नेहमीची अडचण. देयक दुसऱ्याच्या नावावर असते आणि भाडेकरार अजून हाती आलेला नसतो. अशा वेळी अर्ज न भरता परत फिरण्याऐवजी ‘पत्त्याचा पुरावा म्हणून आणखी काय चालेल?’ असे काउंटरवर सरळ विचारावे. वसतिगृहाचे पत्र, निवाऱ्याच्या संस्थेचे पत्र किंवा आपल्याच पत्त्यावर टपालाने आलेले पत्र यांपैकी काहीतरी स्वीकारण्याची सोय अनेक ग्रंथालयांनी मुद्दाम ठेवलेली असते. ती फलकावर ठळकपणे लिहिलेली असतेच असे नाही. ऑनलाइन भरलेल्या अर्जातून मिळणारे कार्ड बहुधा तात्पुरते असते: ई-पुस्तके मिळतात, पण छापील पुस्तके घरी न्यायची तर ठरावीक मुदतीत शाखेत जाऊन ओळख पटवावी लागते. ती मुदत उलटली की सगळा अर्ज पुन्हा भरावा लागतो.

दंडाच्या धास्तीने कार्ड न काढणारेही बरेच भेटतात. शिकागोने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या तिन्ही व्यवस्थांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये उशिराचा दंड रद्द केला, आणि इतर अनेक शहरांनीही हाच मार्ग धरला आहे. मात्र हरवलेल्या किंवा खराब झालेल्या पुस्तकाची भरपाई द्यावीच लागते. आपल्या ग्रंथालयाचा नियम कार्ड घेतानाच विचारून घ्यावा.

३. बातमीचे झरे कोणते आणि त्यांपैकी कोणावर विसंबावे

मुख्य साधन म्हणजे संकेतस्थळावरील कार्यक्रमांची दिनदर्शिका. ती उघडली की पहिल्यांदा माणूस गोंधळून जातो, कारण सर्व शाखांचे, सर्व वयोगटांचे आणि दूरस्थ असे सगळे कार्यक्रम एकदम समोर येतात. बाजूला शाखा, वयोगट, भाषा, विषय आणि प्रत्यक्ष की ऑनलाइन असे निवडीचे रकाने असतात. आपल्या दोन शाखा आणि आपला वयोगट निवडला की यादी एकदम आटोक्यात येते. ही निवड करून झालेले पान ब्राउझरमध्ये खूण करून ठेवावे, म्हणजे दर वेळी पुन्हा निवडावे लागत नाही.

दुसरे साधन म्हणजे ईमेलने येणारे वार्तापत्र. नाव नोंदवताना एक ‘सर्वसाधारण’ वार्तापत्र आणि त्याखाली मुलांसाठी, नवागतांसाठी, रोजगारासाठी, ज्येष्ठांसाठी अशा वेगवेगळ्या चौकटी असतात. सर्वसाधारण वार्तापत्रात मोठ्या लेखकांच्या भेटी आणि प्रदर्शने येतात. शाखेतील छोटी मंडळे त्यात सहसा येत नाहीत. नवागतांसाठीची चौकट दिसली तर ती अवश्य निवडावी. पहिले पत्र आले की जाहिरातींच्या कप्प्यातून ते मुख्य कप्प्यात हलवायला विसरू नये, नाहीतर पुढची सगळी पत्रे तिथेच पडून राहतात.

समाजमाध्यमांवर ग्रंथालये भरपूर लिहितात, पण त्या नोंदी बहुधा कार्यक्रम झाल्यानंतरच्या छायाचित्रांच्या असतात, आणि आधीच्या असल्या तरी आपल्यापर्यंत कधी पोहोचतील याचा नेम नसतो. बातमी कळण्यासाठी मी त्यांच्यावर विसंबत नाही.

याउलट शाखेतील सूचनाफलक हा मला सर्वांत भरवशाचा वाटतो. दारातून आत गेल्यावर बहुधा दोन फलक असतात, आणि त्यांतील भेद ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिल्यावर ग्रंथालयाच्या स्वतःच्या सूचना असतात: एकाच ठशाच्या, ग्रंथालयाचे चिन्ह असलेल्या, आठवड्याचे वेळापत्रक दाखवणाऱ्या. दुसरा फलक परिसराचा. त्यावर संगीताची शिकवणी, हरवलेली मांजर, रहिवाशांची बैठक, रक्तदान शिबिर असे निरनिराळ्या कागदांचे आणि हस्ताक्षरांचे मिश्रण असते. खालच्या टोकाला दूरध्वनी क्रमांकाच्या पट्ट्या कापलेल्या असतात, त्यांतील दोन-तीन फाडून नेलेल्या दिसतात, आणि कोपऱ्यात कर्मचाऱ्याने मारलेला तारखेचा शिक्का असतो. तो शिक्का कागद कधी लावला किंवा कधी काढायचा हे दाखवतो, आणि मुदत संपली की कागद निघतो. परिसराच्या फलकावरील मजकुराची जबाबदारी ग्रंथालय घेत नाही. तिथे लागलेल्या खोल्यांच्या किंवा नोकरीच्या जाहिरातीला ग्रंथालयाची हमी आहे असे समजून आगाऊ पैसे कोणालाही देऊ नयेत.

शेवटचे साधन म्हणजे माहिती-काउंटरवरचा कर्मचारी. ‘काही कार्यक्रम आहेत का?’ असे मोघम विचारले, तर हातात एक पत्रक मिळते. ‘मला इथली भाषा बोलायचा सराव हवा आहे आणि संध्याकाळी सहानंतरच वेळ असतो’ असे विचारले, तर शेजारच्या शाखेतले, पत्रकात न आलेले मंडळही कळते.

४. अडचणीच्या बातम्याही वाचत जा

बातम्या म्हणजे केवळ कार्यक्रम नव्हेत. सुटीचे दिवस, दुरुस्तीसाठी बंद असलेली शाखा, उद्वाहक बंद असणे, अतिउष्णतेच्या किंवा वादळाच्या दिवसांतील बदललेल्या वेळा या सूचना संकेतस्थळाच्या अगदी वरच्या पट्टीत येतात आणि नेमक्या तिकडेच आपले लक्ष जात नाही. घरातून निघण्याआधी ती पट्टी वाचण्याची सवय लावून घ्यावी.

संकेतस्थळच बंद पडले तर काय, हा प्रश्न काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये टोरंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला. संकेतस्थळ आणि शाखांतील सार्वजनिक संगणक दीर्घकाळ बंद राहिले, पण शाखा उघड्या होत्या. त्याच महिन्यात ब्रिटिश लायब्ररीवरही असाच हल्ला झाला. शाखेचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा असे वर सांगितले, त्यामागे हेही एक कारण आहे.

५. कार्यक्रमाची सूचना शब्दशः वाचा

नमुन्यादाखल अशी एक सूचना घेऊ: ‘भाषासंवाद मंडळ. दर बुधवारी, सायंकाळी ६ ते ७.३०. बहुउद्देशीय कक्ष, दुसरा मजला. वय १८ व पुढे. आगाऊ नोंदणी नाही, जागा उपलब्धतेनुसार.’ या तीन-चार ओळींत अनेक अटी दडलेल्या आहेत.

‘दर बुधवारी’ म्हटले तरी शाळेच्या सुट्यांत आणि सणांच्या आठवड्यात मंडळ बहुधा नसते, म्हणून दिनदर्शिकेत त्या विशिष्ट तारखेची नोंद आहे का ते पाहावे. ‘बहुउद्देशीय कक्ष’ मुख्य वाचनकक्षापासून वेगळा, कधी तळघरात तर कधी बाहेरच्या बाजूने स्वतंत्र दार असलेला असतो. शाखा बंद झाल्यानंतरच्या कार्यक्रमाला याच बाजूच्या दाराने जावे लागते. ‘जागा उपलब्धतेनुसार’ याचा अर्थ खोली भरली की दार बंद, कारण अग्निसुरक्षेच्या नियमाने खोलीत किती माणसे बसू शकतात ते ठरलेले असते आणि कर्मचाऱ्याला त्यात सवलत देता येत नाही. पहिल्यांदा जाताना दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे.

वयोगटाची अट सर्वांत जास्त गैरसमज निर्माण करते. मुलांच्या कार्यक्रमाला मूल सोबत नसलेल्या प्रौढाला अनेक ग्रंथालये प्रवेश देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. उलट बाजूने, गोष्टींच्या तासाला मुलाला बसवून आपण बाजारहाट करून येऊ, असे चालत नाही. अगदी लहान मुलांच्या तासाला पालकाने मांडीवर मूल घेऊन बसायचे आणि गाण्यांत भाग घ्यायचा, अशीच अपेक्षा असते. किशोरवयीनांच्या कक्षात मोठ्यांनी बसू नये, हा नियमही बऱ्याच ठिकाणी आहे.

सूचनेच्या तळाशी बारीक अक्षरांत सांकेतिक भाषेचा दुभाषी, चाकांच्या खुर्चीची सोय किंवा श्रवणसाहाय्य हवे असल्यास किती दिवस आधी कळवावे, ते दिलेले असते. दुभाष्याची व्यवस्था ऐन वेळी होत नाही. ही गरज असलेल्यांनी नोंदणीच्या दिवशीच ईमेल करावा.

६. कोणत्या कार्यक्रमापासून सुरुवात करावी

मोठ्या लेखकाच्या व्याख्यानाला जाण्याचा मोह होतो, पण ओळखी व्हाव्यात असे वाटत असेल तर ती जागा नव्हे. तिथे अंधाऱ्या सभागृहात रांगेने बसून आपण घरी परत येतो. माझ्या मते नवख्याने दर आठवड्याला होणाऱ्या, दहा-पंधरा जणांच्या मंडळापासून सुरुवात करावी. तेच चेहरे पुन्हा दिसतात आणि तिसऱ्या खेपेपर्यंत लोक नावाने हाक मारू लागतात.

भाषासंवाद मंडळ हे त्यांतील सर्वांत सोपे. व्याकरणाचा वर्ग नसतो. एक स्वयंसेवक विषय काढतो आणि सर्वांनी बोलायचे असते. वाचनमंडळाला आणखी थोडी तयारी लागते. अनेक ग्रंथालये मंडळासाठी एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती एकत्र देतात, त्यामुळे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही, पण ती प्रत महिनाभर आधी शाखेतून आणावी लागते. पुस्तक पूर्ण वाचून झाले नाही म्हणून घरी बसू नये. अर्धे वाचून आलेल्यांची संख्या अशा मंडळांत लक्षणीय असते आणि कोणी झाडाझडती घेत नाही. सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचावे, हा याचाच मोठा अवतार. सिअॅटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल या ग्रंथपालांनी १९९८ मध्ये तो सुरू केला आणि मग अनेक शहरांनी उचलला. आपल्या शहरात तो चालू असेल, तर त्या काळात जवळजवळ प्रत्येक शाखेत चर्चा ठेवलेली असते, आणि अनोळखी माणसाशी बोलायला विषय आयता मिळतो.

माणूस-ग्रंथालय हा प्रकार बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. पुस्तकाऐवजी एखादी व्यक्तीच अर्ध्या तासासाठी ‘वाचायला’ घ्यायची, म्हणजे तिच्यासमोर बसून तिच्या आयुष्याबद्दल मोकळेपणाने प्रश्न विचारायचे. याची सुरुवात २००० साली डेन्मार्कमध्ये झाली. अशा कार्यक्रमांच्या वेळा झपाट्याने भरतात, म्हणून नोंदणी उघडताच नाव द्यावे.

हाताने काही करायची आवड असणाऱ्यांनी दुरुस्ती-मेळावे आणि कार्यशाळा-कक्ष शोधावेत. बिघडलेली घरगुती उपकरणे जाणकार स्वयंसेवकांच्या मदतीने स्वतः दुरुस्त करण्याचे मेळावे २००९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा यांनी सुरू केले. आज अनेक ग्रंथालये त्यांना जागा देतात. हेलसिंकीचे ओडी हे मध्यवर्ती ग्रंथालय ५ डिसेंबर २०१८ रोजी उघडले. त्याच्या मधल्या मजल्यावर शिवणयंत्रे, त्रिमितीय मुद्रक आणि संगीत-ध्वनिमुद्रणाच्या खोल्या आहेत. यंत्र वापरण्याआधी लहानसे प्रशिक्षण घ्यावे लागेल, अशी अट अशा कक्षांत बऱ्याचदा असते. ते प्रशिक्षणही दिनदर्शिकेत वेगळी नोंद म्हणून येते आणि नवख्या माणसाची ती नोंद पाहायची राहून जाते.

कायदा, कर किंवा स्थलांतराविषयीच्या मदतसत्रांबाबत एक सावधगिरी: ग्रंथालयाचे कर्मचारी माहिती शोधून देतात, सल्ला देत नाहीत. सल्ला हवा असेल तर सत्र चालवणारी व्यक्ती परवानाधारक आहे का, हे सूचनेतच पाहावे.

काही घडामोडींना तर नोंदणीही लागत नाही. डेन्मार्कमधील आरहूस शहरात २०१५ मध्ये उघडलेल्या डोक-१ या ग्रंथालयात एक प्रचंड नळीच्या आकाराची घंटा टांगलेली आहे. शहराच्या रुग्णालयात बाळ जन्मले की पालक तिथले बटण दाबतात आणि ग्रंथालयातील घंटा वाजते. पुस्तकात डोके खुपसून बसलेल्या वाचकालाही शहराची ताजी बातमी अशी कानावर पडते.

७. नोंदणी करताना

१) लोकप्रिय कार्यक्रमाची नोंदणी कधी उघडणार, ती तारीख सूचनेत दिलेली असते. ती कार्यक्रमाच्या तारखेपेक्षा महत्त्वाची समजून आपल्या दिनदर्शिकेत लिहावी.

२) प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळी नोंदणी लागते की एकाच अर्जात कुटुंब बसते, ते पाहावे. मुलांच्या कार्यशाळेत मूल आणि पालक अशा दोन जागा मोजल्या जातात की एक, यावरून दाराशी वाद झालेले दिसतात.

३) खात्रीचा ईमेल आला नाही तर नोंदणी झाली असे गृहीत धरू नये.

४) जागा संपल्या असतील तर प्रतीक्षा यादीत नाव घालावे. हे व्यर्थ वाटते, पण कार्यक्रम मोफत असल्यामुळे ऐन वेळी न येणारे पुष्कळ असतात. सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी रिकाम्या जागा दाराशी थांबलेल्यांना दिल्या जातात.

५) जमणार नसेल तर नोंदणी रद्द करावी. ईमेलच्या तळाशी त्याचा दुवा असतो. वारंवार गैरहजर राहणाऱ्याला पुढची नोंदणी नाकारणारी ग्रंथालयेही आहेत.

कार्यक्रमाला पोहोचल्यावर छायाचित्रे घेतली जाणार असल्याचा फलक दिसला आणि आपल्याला किंवा मुलाला त्यात यायचे नसले, तर आयोजकाला आधीच सांगावे. त्यासाठी वेगळ्या रंगाची चिकटपट्टी किंवा वेगळी बैठक ठेवलेली असते, आणि नसली तरी सांगण्यात गैर काहीच नाही.

८. स्वतः काही घडवून आणायचे असेल, तर

मंडळात रुळल्यावर आपल्या भाषेतील गोष्टींचा तास किंवा आपल्याला अवगत असलेली एखादी कला इथे का नसावी, असा विचार मनात येतो. इथे दोन अगदी निराळे मार्ग आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की अर्ज महिनोन्‌महिने अडकतो.

पहिला मार्ग म्हणजे खोली आरक्षित करणे. कार्यक्रम आपला, जबाबदारी आपली, ग्रंथालय फक्त जागा देते. नियम साधारण असे असतात: प्रवेशशुल्क नको, विक्री नको, बैठक सर्वांना खुली हवी, आणि पत्रकावर ग्रंथालयाचे नाव फक्त स्थळ म्हणून घालावे, आयोजक म्हणून नव्हे. आरक्षणाच्या वेळेत खुर्च्या मांडणे आणि पुन्हा रचून ठेवणे हेही धरलेले असते. दोन तासांचा कार्यक्रम करायचा तर तीन तासांचे आरक्षण घ्यावे. परिसरातल्या निरनिराळ्या मतांच्या गटांना त्याच खोल्या मिळतात, म्हणून शेजारच्या खोलीतील बैठकीचा विषय पाहून ग्रंथालयाने बाजू घेतली असा निष्कर्ष काढू नये. १९९४ च्या जाहीरनाम्यातही ग्रंथालयाचा संग्रह आणि सेवा वैचारिक, राजकीय वा धार्मिक नियंत्रणापासून आणि व्यापारी दडपणापासून मुक्त असाव्यात, असे म्हटले आहे.

दुसरा मार्ग म्हणजे कार्यक्रम ग्रंथालयाकडे प्रस्ताव म्हणून देणे. तो मान्य झाला तर दिनदर्शिकेत येतो, प्रसिद्धी ग्रंथालय करते, कर्मचारी हजर असतो. मात्र कार्यक्रमांचे वेळापत्रक काही महिने आधी ठरते, म्हणून सणासाठी काही करायचे तर प्रस्ताव किमान एक हंगाम आधी द्यावा. प्रस्ताव एका पानाचा असावा. कोणासाठी, किती वेळ, किती जण, कोणत्या भाषेत, खोलीत काय काय लागेल आणि पूर्वी असे काही केले असल्यास ते कुठे, एवढे पुरे. आपल्या संस्कृतीचा परिचय करून देणारी दोन परिच्छेदांची प्रस्तावना कोणी वाचत नाही. मुलांसोबत काम असेल तर पार्श्वभूमी-पडताळणी मागितली जाईल. त्यात काही आठवडे जाऊ शकतात. प्रस्ताव मुख्य कार्यालयाला पाठवण्याआधी शाखेच्या प्रमुख ग्रंथपालांना दाखवावा, कारण त्या परिसरात कोणत्या वारी कोणते लोक येतात हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

९. खरी मोठी बातमी नियामक मंडळाच्या सभेत असते

शाखेच्या वेळा कमी होणार का, नवी शाखा कुठे उघडणार, परकीय भाषांतील पुस्तकांसाठी किती तरतूद राहणार, हे निर्णय ग्रंथालयाच्या नियामक मंडळात किंवा नगरपरिषदेच्या समितीत होतात. अनेक शहरांत या सभा जनतेला खुल्या असतात. विषयपत्रिका सभेच्या काही दिवस आधी आणि इतिवृत्त नंतर संकेतस्थळावर येते, मात्र कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेत नव्हे, तर ‘ग्रंथालयाविषयी’ अशा कोपऱ्यातल्या पानावर. इतिवृत्त रुक्ष असते, पण शाखेच्या नूतनीकरणाची बातमी वर्तमानपत्रात येण्याच्या कितीतरी आधी त्यात निविदेच्या रूपाने दिसते.

ग्रंथालयाचे मित्रमंडळ असेल तर तेही पाहावे. हे वाचकांचेच मंडळ असते. जुन्या पुस्तकांची विक्री भरवून ते कार्यक्रमांसाठी पैसा उभा करते आणि विक्रीच्या दिवशी पेट्या उचलायला त्यांना माणसे हवीच असतात. स्वयंसेवक म्हणून तिथे उभे राहिल्यास शाखेच्या आतल्या हालचाली आपोआप कळू लागतात.

नियामक मंडळाच्या सभेत नागरिकांना बोलण्यासाठी ठरावीक वेळ राखलेला असतो, प्रत्येकी साधारण दोन ते तीन मिनिटे. बोलायचे असेल तर नाव आधी द्यावे लागते, कुठे आदल्या दिवशी ईमेलने, तर कुठे सभेच्या दाराशी ठेवलेल्या कागदावर. म्हणणे लिहून न्यावे आणि मागणी एकच ठेवावी, उदाहरणार्थ अमुक शाखा गुरुवारी रात्री आठपर्यंत उघडी असावी. लेखी प्रत सचिवांकडे दिली की ती इतिवृत्ताला जोडली जाऊ शकते. दुभाषी लागणार असेल तर तीही विनंती नाव देतानाच करावी.